शीलाने काढलेला उलटा माणूस

शीला राठोड नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एकाच विषयात नापास झाली, आणि नेमका तोच विषय तिला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त येत होता. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी. माणसाच्या शरीरात काय कुठे असतं आणि तिथे बसून ते काय करतं, याचा अभ्यास. शंभरात एकतीस. इंग्रजीत मात्र तिला अठ्ठावन्न मिळाले, आणि इंग्रजी आपल्याला येत नाही हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

ती यवतमाळला आमच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहते. गाव म्हणजे दिग्रसच्या पुढचा एक तांडा. बारावीनंतर चार वर्षं तिने घरच्या शेतात कापूस वेचला. मग एक दिवस कोणाला न विचारता नर्सिंगचा फॉर्म भरला आणि नंबर लागला. आली तेव्हा सोबत एक पेटी, एक गादी, तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि वडील. वडिलांचं नाव हिरासिंग. त्यांनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी दोनदा लावून काढली आणि मला म्हणाले, "ताई, पोरगी गुणाची हाय. खाते जरा जास्त." शीला शेजारीच उभी होती. तिने नाही म्हटलं नाही.

निकाल लागला तेव्हा ती सुटीला तांड्यावरच होती. नापास झाल्याचं कळल्यावर हिरासिंगभाऊ घरात काही बोलले नाहीत. ते बाहेर जाऊन बोलले, आणि तेही इंद्रजीत नायकासमोर. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्यासमोर चारचौघांत बोललेला शब्द माणसाला परत घेता येत नाही. म्हणून शहाणी माणसं त्याच्यासमोर हवापाण्याचंच बोलतात. हिरासिंगभाऊ म्हणाले, "पोरीले अजून एक बार देल्ला. या बारीले बी गेली तर घरी बसन. कापूस वेचाले माणूस भेटून नाही राह्यलं, अन् इथं घरचं माणूस हाडं मोजत बसलं हाय."

म्हणजे नोव्हेंबरातल्या फेरपरीक्षेत पास झाली तर कॉलेज, नाहीतर कापूस. शीलाने मला हे सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती, त्यामुळे रडत होती की नाही हे नक्की सांगता येत नाही.

नापास का झालो याचं तिचं उत्तर ठरलेलं होतं. "काकू, माही ड्रॉइंग खराब हाय. उज्ज्वला मॅडमनं सगळ्या आकृत्यायवर फुली मारली." उज्ज्वला मॅडम त्यांना हा विषय शिकवायच्या. मग शीलाने रंगीत पेन्सिली आणल्या. ऑगस्टचा अख्खा महिना ती रोज संध्याकाळी लिव्हर, जठर, किडन्या काढून रंगवत बसायची. लिव्हर विटकरी, पित्ताची पिशवी हिरवी. सप्टेंबरात कॉलेजची चाचणी झाली. पुन्हा सगळ्या आकृत्यांवर फुली. फक्त एका आकृतीखाली बरोबरची खूण होती आणि "नीटनेटकी आकृती" असा शेरा होता.

तिच्या अभ्यासाची एक गोष्ट मी बरेच दिवस पाहत होते. आमच्या अंगणातल्या झोक्यावर बसून ती ते जाड पुस्तक वाचायची आणि चित्राचं पान आलं की पुस्तक उलटं धरायची. नाव वाचायला सरळ करायची, चित्र पाहायला पुन्हा उलटं. मला वाटलं, पाठांतराची ही काही नवी पद्धत असेल. मी बी.एस्सी. होऊन पंचवीस वर्षं झाली. मधल्या काळात पद्धती बदलल्या असतील. दुसऱ्याच्या अभ्यासात नाक खुपसू नये म्हणून मी गप्प राहिले, आणि माझ्या या सभ्यपणात तिचे दोन महिने गेले.

चाचणीचे पेपर तिने घरी आणले तेव्हा मात्र मी ते हातात घेतले. सुंदर आकृत्या होत्या. वर आतडी, त्याखाली जठर, त्याखाली लिव्हर, आणि सगळ्यात खाली दोन फुफ्फुसं.

"शीला, हा माणूस उलटा काहून आहे?"

तिने पेपर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "उलटा कुठं काकू? असाच तर असते."

"फुफ्फुसं पोटाच्या खाली?"

"टांगल्यावर खालीच येतात ना."

"कोणाला टांगल्यावर?"

"बोकडाले," ती म्हणाली. मी इतकं साधं काय विचारते आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

मग हळूहळू सगळं कळलं. तांड्यावर देवाचा बोकड कापतात तेव्हा कापायचं काम हिरासिंगभाऊंचं. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं. बोकड मागच्या पायांनी लिंबाला टांगायचा, डोकं खाली, पोट आपल्याकडे. मग एकेक भाग काढून परातीत ठेवायचा. घरटी सारखा वाटा पडतो आणि कलेजीचा तुकडा प्रत्येक वाट्यात गेलाच पाहिजे, त्यामुळे काय कुठून निघालं आणि कुठे ठेवलं याचा घोळ चालत नाही. ही परात धरायचं काम शीलाकडे ती आठ वर्षांची असल्यापासून होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी लिव्हर पहिल्यांदा कॉलेजात पाहिलं, तेही प्लास्टिकचं. शीलाने चौदा-पंधरा वर्षं खरं पाहिलं होतं, गरम गरम, दोन हातांच्या अंतरावरून. फक्त टांगलेलं.

आमच्याकडे मटण आणतात ते आमचे हे, आणि ते पिशवीतून येतं. पिशवीत कोण कोणाच्या वर होतं हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून मला हे सुचलं नव्हतं.

"पुस्तकातलं चित्र सरळ पाह्यलं का सगळे अनोळखी वाटतात काकू," शीला म्हणाली. "उलटं केलं का मंग ओळखू येतात. हे कलेजी, हे तिल्ली, हे गुर्दे."

"आणि पेपरात?"

"जे ओळखू येते तेच काढलं."

परीक्षेला पाच आठवडे होते. मी म्हटलं, सोपं आहे. वरचं खाली कर, खालचं वर कर, झालं. तिने तसंच केलं. नवीन आकृती काढली, रंगवली, उज्ज्वला मॅडमना दाखवायला घेऊन गेली. संध्याकाळी परत आली ती तोंड पाडून. फुफ्फुसं वर गेली होती, आतडी खाली आली होती, पण लिव्हर डावीकडे गेलं होतं. मॅडमनी विचारलं होतं, "शीला, तू मुद्दाम करतेस का?"

"मुद्दाम कोण करन काकू," शीला म्हणाली. "मुद्दाम करायचं असतं तर एखांदं तरी बरोबर आलं असतं."

मी पुस्तक घेऊन बसले. तिची पहिली आकृती, दुसरी आकृती आणि पुस्तकातली आकृती शेजारी शेजारी ठेवली. वर-खाली जमलं की डावं-उजवं बिघडत होतं. मी बी.एस्सी.ला बेडूक कापला होता, पण बेडूक ट्रेमध्ये पाठीवर झोपवतात. त्याने असला प्रश्न कधी उभा केला नाही.

त्याच आठवड्यात हिरासिंगभाऊ यवतमाळला आले. कापसाच्या जिनिंगचं काहीतरी काम होतं. दुपारी पोरीला भेटायला घरी आले, पिशवीत वांगी आणि शेंगदाणे घेऊन. शीला कॉलेजातून यायची होती. मी चहा दिला. ते अंगणात खुर्चीवर बसले. समोर झोक्यावर शीलाची वही उघडी पडली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकृतीला वाचता यायची गरज नव्हती. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले.

"हे कोणं काढलं?"

"शीलाने."

"कलेजी डावीकडं?"

"हो ना भाऊ. तेच तर..."

"माह्या पोरीनं कलेजी डावीकडं काढली?"

त्यांनी चहा खाली ठेवला. पोरगी नापास झाली तेव्हा हा माणूस इतका हलला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं: पहिली आकृती उलटी होती, मग आम्ही वरचं खाली केलं, तर हे असं झालं. त्यांनी मान हलवली.

"ताई, बोकड उलटा टांगला म्हून त्याचं डावं उजवं होत असते का? बोकड तर तोच हाय."

"मग चूक कुठे होते?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दोरीवर आमच्या यांचा शर्ट वाळत होता, खालच्या कडेला चिमटे लावून, उलटा. ते उठले. शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं. "हा खिसा छातीवर डाव्या अंगाले. आता तुमाले कुठं दिसते?"

"माझ्या डाव्या हाताला."

त्यांनी चिमटे काढले, शर्ट अख्खा फिरवून कॉलर वर करून धरला. "आता?"

"उजव्या हाताला."

"पाह्यलं? खिसा वर गेला, अन् इकडून तिकडं बी गेला. दोन्ही संगंच होते. तुमी नुसतं वर-खाली केलं. म्हंजे शर्ट फाडून खिसा खालून वर शिवला, पण बाजू तेच ठेवली. शर्ट फिरवा ना. शिवता कायले?"

मग त्यांनी शीलाची जुनी वही मागितली, जिच्यातल्या आकृत्या पहिल्यापासून उलट्या होत्या. ती हातात घेऊन गर्रकन फिरवली, डोक्याकडची बाजू पायाकडे. फुफ्फुसं वर. लिव्हर उजव्या कुशीला. प्लीहा, म्हणजे तिची तिल्ली, डावीकडे, जठराच्या मागे. पुस्तकाशी ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे.

मला एवढंच समजलं, की पोरीने दोन वेळा फुली मिळवलेलं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं आणि कोणीतरी ते फक्त फिरवून पाहायला हवं होतं. ते न फिरवणाऱ्यांत मीही होते.

"भाऊ," मी म्हटलं, "पण तुम्हाला तर ती घरी यायला पाहिजे ना? कापूस आहे."

"हाय ना. कापूस हायच." त्यांनी शर्ट परत उलटा वाळत घातला, होता तसाच. "पास-नापास तिचं ती पाहून घेईन. पण माह्यासंग पंधरा वरसं परात धरून कलेजी डावीकडं काढली, हे तांड्यात मालूम पडलं तर तोंड कुठं दाखवू?"

शीला आली तेव्हा ते वांगी काढून ठेवत होते. तिला त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "वही फिरवत जा." आणि बसस्टँडवर निघून गेले. तिला त्यातलं अर्धं त्या क्षणी कळलं आणि उरलेलं अर्धं मी शर्ट दाखवून सांगितलं.

आता पास व्हायला काही हरकत नाही असं वाटलं. पण शीलाने वही फिरवून सगळं पुन्हा तपासलं तेव्हा एक आकृती चुकीची निघाली. तीच, जिला चाचणीत बरोबरची खूण आणि "नीटनेटकी" शेरा मिळाला होता. किडन्यांची. बोकडाची उजवी किडनी डोक्याच्या बाजूला सरकलेली असते, टांगल्यावर ती खाली दिसते. माणसाची उजवी किडनी मुळातच डावीपेक्षा जरा खाली असते, वर लिव्हर असतं म्हणून. म्हणजे उजवी किडनी खाली, एवढ्यापुरते उलटा बोकड आणि सरळ माणूस योगायोगाने जुळले होते; बाजू उलटी आहे हे मॅडमच्या नजरेतून सुटलं होतं. अख्ख्या पेपरातलं तिचं जे एक उत्तर बरोबर ठरलं होतं, ते दोन चुकांनी मिळून बरोबर आणलं होतं. आता सगळं सुधारल्यावर तेवढंच बिघडलं.

"म्हंजे बोकड अन् माणूस सारखे नसतात," शीला म्हणाली. तिला थोडं वाईट वाटलं असावं.

मग मी स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक यादी केली. बोकडात आणि माणसात फरक. माणसाची उजवी किडनी खाली. माणसाचं उजवं फुफ्फुस तीन भागांचं, बोकडाचं चार. माणसाचं जठर एकच कप्प्याचं, बोकडाचं चार. माणसाला अपेंडिक्स असतं, बोकडाला नसतं. भाकरी थापताना मी विचारायची, ती पीठ मळताना उत्तर द्यायची. आमचे हे जेवायला बसले की त्यांच्यासमोर माणसाचं आतडं किती फूट याची चर्चा व्हायची. चार दिवसांनी ते ताट घेऊन पुढच्या खोलीत जाऊ लागले.

हृदयाचं काम, रक्त कुठून कुठे जातं, जेवण कसं पचतं, हे सगळं तिला पटापट यायचं. ज्याची जागा पक्की झाली त्याचं काम ती विसरत नसे. एकदा जागा कळली की ती त्या भागाशी तांड्यातल्या शेजाऱ्यासारखी बोलायची: हा इथं राहते, याचं हे काम, याचं त्याच्याशी असं जाणं-येणं.

परीक्षेचं तिने परत येऊन मला जसं सांगितलं तसं सांगते. लेखी पेपरात पचनसंस्थेची आकृती आली. शीलाने पेपर उलटा करून आकृती काढली, मग सरळ करून नावं लिहिली. मधे शंका आली की पुन्हा फिरवायची. वर्गावर देखरेख करणारे सर दोनदा येऊन तिच्या मागे उभे राहिले. तिसऱ्यांदा म्हणाले, "पेपर कोणाला दाखवून राह्यली?"

"कोणाले नाही सर. मीच पाहून राह्यली."

त्यांनी तिला उठवून सगळ्यात पुढच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिथे ती निवांत पेपर फिरवत बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. टेबलावर माणसाचं प्लास्टिकचं धड उभं होतं, आतले भाग काढून बाजूला ठेवलेले. ते भाग आत बसवायचे आणि विचारलं तेवढं सांगायचं. शीलाचा नंबर आला. तिने धडाकडे पाहिलं. सगळे अनोळखी. मग तिने ते धड उचललं आणि टेबलावर पाठीवर आडवं घातलं, मान आपल्याकडे, कंबर पलीकडे.

परीक्षक म्हणाले, "अहो, हे काय करताय?"

"दोन मिनिटं सर."

ज्या क्रमाने तिचे वडील काढतात त्याच्या बरोबर उलट क्रमाने तिने ते भाग बसवले. आधी किडन्या, आणि उजवी बसवताना क्षणभर थांबून, यादी आठवून. मग फुफ्फुसं, हृदय, लिव्हर, प्लीहा, जठर, शेवटी आतडी. हात धुतल्यासारखे झटकले, कारण सवय. मग धड उभं केलं. काहीही खाली पडलं नाही.

परीक्षकांनी जवळ येऊन आत पाहिलं. "एवढ्या लवकर कोणी बसवत नाही. कुठे शिकलात?"

"बापाकडं, सर."

"डॉक्टर आहेत?"

"नाही."

"मग?"

"बोकड कापतात."

उज्ज्वला मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. परीक्षकांनी काही लिहिलं, मग विचारलं, "जठराला कप्पे किती?"

शीलाने तोंड उघडलं, मिटलं. "माणसाले एकच," ती म्हणाली. तिच्याच म्हणण्याप्रमाणे ते तिने जरा हळहळूनच सांगितलं.

"आणि उजवी किडनी खाली का?"

"वर लिव्हर बसलं हाय सर. त्याले जागा लागते."

"जा," परीक्षक म्हणाले. ते चांगलं "जा" होतं की वाईट, हे शीलाला बसमध्येही ठरवता आलं नाही.

निकाल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी लागला. तिला एकसष्ट मिळाले. तिने आधी मला सांगितलं, मग घरी फोन लावला. मी भाजी निवडत होते. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण हिरासिंगभाऊ फोनवर शेतातून बोलावं तसं बोलतात.

"बा, पास झाली."

"कितीनं?"

"एकसष्ट."

"कलेजी?"

"उजवीकडं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने मला आग्रह करून तांड्यावर नेलं. तिच्या याडीने, म्हणजे आईने, बोलावलं होतं. याडीचं नाव लालीबाई. आम्ही उतरलो तर घर बंद. शेतावर गेलो. कापूस पांढराशुभ्र फुटून उभा होता, वेचायला उशीर झालेला. आणि ओळीत लालीबाईच्या पुढे हिरासिंगभाऊ, कमरेला वेचायची ओटी बांधून, वाकून कापूस वेचत होते.

आमच्याकडे कापूस बाया वेचतात. माणसं गाठोडी उचलतात, गाडी भरतात, बाजारात नेतात. पुरुषाने ओटी बांधून ओळ धरलेली मी तरी तोवर पाहिली नव्हती. बांधावर इंद्रजीत नायक आणि आणखी दोघं येऊन उभे होते. ते पाहायलाच आले होते.

"हिरासिंग," नायक म्हणाला, "आता लुगडंच नेस ना. ओटी शोभून दिसन."

"तुह्यासमोर शब्द देल्ला होता ना? नापास झाली तर घरी, पास झाली तर कॉलेज. झाली पास. मंग कापूस तू वेचतं का?"

"म्या कायले वेचू?"

"मंग सरक. ऊन अडवून राह्यला तू माहं."

शीलाने पदर खोचला आणि ओळीत शिरायला निघाली. हिरासिंगभाऊंनी वाकल्या वाकल्याच हात आडवा केला. "तू नाही. चारची बस हाय. उद्या कॉलेज नाही का?"

"एक ओळ तर घेते बा."

"नाही म्हटलं ना. ताईले भाकर खाऊ घाल अन् जा."

शीला वळली. नायकाने आणखी थोडा वेळ उभं राहून पाहिलं, मग तोही गेला, कारण एका माणसाला कापूस वेचताना फार वेळ पाहण्यासारखं काही नसतं. हिरासिंगभाऊ सावकाश पुढे सरकत होते. त्यांच्या ओटीत कापसापेक्षा सुकलेली पानंच जास्त होती, आणि अर्धी बोंडं तशीच मागे राहत होती. लालीबाई त्यांच्या मागून तीच ओळ पुन्हा वेचत येत होती. तिने मला पाहून मान हलवली आणि मागे राहिलेलं बोंड वेचून ओटीत टाकलं.